शुभेच्छुक

पुण्यात नव्या पेठेच्या गांजवे चौकात उभं राहून मान वर केली, की आकाशाआधी फ्लेक्स दिसतात. 'उपजिल्हाधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्यभागी सत्कारमूर्तीचा भलामोठा फोटो. कोट मित्राचा, टायची गाठ फोटो स्टुडिओवाल्याची. येणारे-जाणारे तो फोटो बघतात, मनातल्या मनात तिथे स्वतःचा चेहरा लावून पाहतात आणि अभ्यासिकेकडे वळतात. मी मात्र खालची ओळ वाचतो. तिथे पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटींत आठ-दहा चेहरे असतात आणि त्यांच्या डोक्यावर 'शुभेच्छुक' असं लिहिलेलं असतं. वरचा चेहरा दर निकालाला बदलतो. खालच्या ओळीतला डावीकडून तिसरा बदलत नाही. त्याचा फोटोही तोच असतो. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो कायमचा सेव्ह करून ठेवलेला आहे.

तो दादा.

त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव आहे, पण ते हॉल तिकिटापुरतं. बाकी वर्षभर तो दादाच. सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात गल्लीगणिक एक दादा असतो. लातूर, हिंगोली, वाशीम, जत, साक्री, कुठूनही पोरगं एमपीएससीच्या तयारीला पुण्याकडे निघालं, की घरून त्याला तीन गोष्टी मिळतात : सोयाबीनच्या पैशांतला वाटा, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि दादाचा मोबाइल नंबर. हा दादा आपला कोण, असं पोरानं विचारलं तर वडील सांगतात, "आपल्या बाळूच्या साडूच्या पोराच्या रूमवर होता तो." पुण्यात एवढं नातं सख्खं धरतात.

पोरगं एसटीत असतानाच दादाचा फोन येतो.

"कुठं उतरणार?"

"शिवाजीनगरला, दादा."

"शिवाजीनगर शिवाजीनगरला नसतं."

पलीकडून नुसता एसटीचा खडखडाट ऐकू येतो. मग दादा शांतपणे उलगडून सांगतो. २०१९ सरता सरता मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एसटी स्थानक वाकडेवाडीला हलवलं, नाव मात्र शिवाजीनगरच राहिलं. तेव्हा वाकडेवाडी आली की घाबरायचं नाही, आपण चुकलेलो नाही, पुणं असंच आहे. उतरल्यावर रिक्षावाला 'नवीन का?' म्हणून विचारील. त्यावर 'अलका चौक' एवढंच म्हणायचं. जास्त बोललास की भाडं वाढतं. पत्ता विचारायचीच वेळ आली, तर पेपर वाचणाऱ्याला विचारू नकोस, चहा पिणाऱ्याला विचार. पेपर वाचणारा आधी तुझं व्याकरण तपासील.

"आणि गादी आणलीस का रे?"

"आणलीय, दादा. नवीनच शिवून घेतलीय."

"अरेरे," दादा म्हणतो.

या 'अरेरे'चा अर्थ पोराला खोलीवर पोचल्यावर कळतो. दादाच्या खोलीच्या माळ्यावर गुंडाळलेल्या गाद्यांची चळत असते. सोडून गेलेल्यांनी त्या दादाच्या ताब्यात दिलेल्या असतात. दादा एकेक खाली ओढतो आणि तिचा इतिहास सांगतो. "ही बघ. हिच्यावर दोन वर्षं झोपला, तो आज नायब तहसीलदार आहे. त्याच्या आधीचा एसटीआय."

"आणि ती जाड?"

"मऊ आहे. पण तिच्यावरून अजून एकही पोस्ट निघाली नाही."

पोरगं मुकाट्याने नायब तहसीलदारांची गादी घेतं. तिच्या मधोमध साहेबांनी पाडलेला खड्डा आहे, कापसाच्या गाठी झाल्या आहेत, आणि किंमत घरून आणलेल्या नव्या गादीपेक्षा जास्त. नवी गादी माळ्यावर जाते. तिला अजून वंशावळ नाही. पुस्तकांचंही तसंच. दादाकडच्या लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेवर तीन पिढ्यांच्या हायलायटरचे थर आहेत. पहिल्याने महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या, दुसऱ्याने त्यांतल्या अतिमहत्त्वाच्या हिरव्या, तिसऱ्याने राहिलेल्या गुलाबी. आता न रंगवलेली ओळ सापडली, की पोरं तीच आधी वाचतात. कुणीच वाचलेली नाही म्हणजे आयोग हमखास विचारणार.

मग येते कॉट. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : या भागात खोली भाड्याने मिळत नाही, कॉट मिळते. विजेच्या डीपीवर, झाडावर, बंद दुकानाच्या शटरवर चिठ्ठी असते, 'कॉट बेसिसवर मुले पाहिजेत'. लोखंडी कॉट, तिच्याखालची जमीन आणि भिंतीकडची असेल तर तेवढी भिंत, असा तुमचा सातबारा. एका खोलीत पाच-सहा सातबारे. खिडकीची कॉट, पंख्याखालची कॉट, बाथरूमकडची कॉट, दाराची कॉट अशी प्रतवारी असते. नव्याने दाराचीच घ्यावी, असं दादाचं ठाम मत. दाराशी वर्दळ असते, झोप कमी लागते, अभ्यास जास्त होतो. खिडकीची कॉट अर्थातच दादाची.

कॉट पक्की होण्याआधी मालकीणबाईंची मुलाखत असते. आयोगाच्या मुलाखतीची तयारी करून घेणारे क्लास शहरात पैशाला पासरी आहेत. या मुलाखतीची तयारी फक्त दादा करून घेतो. जिन्यातच तो पोराला थांबवतो.

"अंघोळीला किती वेळ लागतो, विचारतील."

"दहा मिनिटं?"

"चार. मित्र किती, विचारतील."

"इथं कोणीच नाही."

"हे उत्तर चांगलं आहे, हे खरं असलं तरी सांग. गाव कुठलं विचारलं तर तालुका सांगू नकोस, जिल्हा सांग. तालुका सांगितला की तिथलं त्यांच्या ओळखीचं कोणीतरी निघतं आणि मग दर महिन्याला घरी रिपोर्ट जातो."

मालकीणबाई दारातूनच पाहतात. पाणी सहा ते सात, गीझर आठवड्यातून दोनदा, दुपारी एक ते चार बेल वाजवायची नाही, चपला आडव्या काढायच्या नाहीत, हे त्या सांगतात तेव्हा दादा पोराच्या मागे उभा राहून मान डोलावत असतो. शेवटी त्या पोराला सोडून दादालाच विचारतात, "तुमच्या माहितीतला आहे ना?" दादाने त्या पोराला पाऊण तासापूर्वी पहिल्यांदा पाहिलेलं असतं. "माझ्या घरचाच समजा, काकू," तो म्हणतो. या एका वाक्यावर पेठेत किती डिपॉझिटं भरली गेली असतील, सांगता येणार नाही. माझंही त्यांतलं एक. माझ्या वेळच्या दादाने मला घरचा म्हटलं, तेव्हा माझं आडनाव त्याने चुकीचं सांगितलं होतं. पुढे तिथे राहीपर्यंत मालकीणबाई मला त्याच आडनावाने हाक मारत राहिल्या आणि मी ओ देत राहिलो.

मेसचं शास्त्र हा दादाचा खास प्रांत. कुठल्या मेसची पोळी पातळ, कुठे भाजीत बटाटा कमी आणि पाणी जास्त, कुठे दुसऱ्यांदा भात मागितला तर काकू हसतात आणि कुठे नुसत्या बघतात, हे त्याला मुखोद्गत. पण खरी परीक्षा खाड्याची. आपण गावी गेलो तर त्या दिवसांचे पैसे कापून मिळावेत, म्हणून खाडा लावायचा असतो, आणि भिंतीवर पाटी असते : 'सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही.' तेव्हा गावी जायचं तर तीन दिवस जा, नाहीतर जाऊच नकोस. दादाने याच्या पोटनियमांचाही अभ्यास केलेला आहे. "सुतक असलं तर खाडा बसतो. साखरपुड्याला बसत नाही." सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला जाऊन दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला परत हजर झालेली मुलं मी पाहिली आहेत. आणि तिसरा दिवस भरावा म्हणून घरात विनाकारण बसून राहिलेलीही. घरच्यांना वाटतं, पोराचा पाय निघत नाही.

रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. एका बैठकीत दोन वेळचं जेवायचं कसं, हे दादा शेजारी बसून शिकवतो. भाताने सुरुवात करायची नाही, पाणी मध्ये प्यायचं नाही. गुलाबजाम दोन असतात, तिसरा मागायचा तो पहिल्याच महिन्यात. काकूंना नव्या पोरांची दया येते तोवर.

फीस्ट झाली की दादा नव्या पोराला शहर दाखवायला नेतो. हा कार्यक्रम मला अजून आठवतो, आणि कधी पेठेत गेलो तर एखादा दादा चार-पाच नवख्यांना घेऊन फिरताना दिसतोही. दादाला पुणं पाठ आहे, पण ते जनरल स्टडीजच्या पेपरात येतं तेवढं. भिडे वाड्याच्या जागेसमोर आला की तो म्हणतो, "१८४८. मुलींची पहिली शाळा. चला." केसरीवाड्यापाशी : "१८८१, केसरी. मराठा इंग्रजीत." लकडी पुलावरून फर्ग्युसनच्या दिशेला बोट करतो, "१८८५. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, तिथंच फसवतात." पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, हे तो नदीकाठी सांगतो आणि नदीकडे न बघता पुढे जातो. पर्वतीच्या पायऱ्या १०३, हे त्याला माहीत आहे. शेवटच्या कधी चढला होता, ते आठवत नाही. एखादं पोरगं भीत भीत विचारतं, "दादा, इकडं भेळ कुठं चांगली मिळते?" दादा थबकतो. "हे सिलॅबसमध्ये नाही."

सदाशिव पेठेत शिरताना मात्र तो जरा रेंगाळतो. पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची. भाऊ १४ जानेवारी १७६१ ला पानिपतात पडले. पण मागाहून 'मीच भाऊ' म्हणत एक तोतया उभा राहिला, त्याच्या मागे माणसं जमली, बंड झालं, आणि १७७६ मध्ये त्याचा निकाल लागला. दादा हे सांगतो तेव्हा मला नेहमी वाटतं की पेठ अजून त्यातून सावरलेली नाही. आज तिथे 'मीच भाऊ' म्हणणारे दर चार घरांमागे एक आहेत, त्यांच्याही मागे माणसं जमलेली आहेत, आणि निकाल तेवढा लागत नाही.

देवांची नावं ऐकून नवी पोरं बावरतात. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती. दादाने यातूनही व्यवहाराची गोष्ट काढलेली आहे. "गावी फोनवर खुन्या मुरलीधराजवळ राहतो म्हणू नकोस. आई परत बोलावून घेईल. भिकारदासाजवळ राहतो म्हण. पैसे लवकर येतात."

या दादाच्या पुण्याला चतुःसीमा आहेत. एका बाजूला अलका चौक, दुसरीकडे अप्पा बळवंत चौक, खाली स्वारगेट, आणि शास्त्री रोड जिथे संपतो तो दांडेकर पूल. त्यापलीकडे हिंजवडी, खराडी, वाघोली वगैरे गावं असल्याचं त्याने पेपरात वाचलंय. तिकडे आयटीवाले राहतात, त्यांना पगार असतो आणि कॉट स्वतःची असते, अशी त्याची समजूत आहे. मेट्रो सुरू झाली तेव्हा चालू घडामोडी म्हणून तो बसून आला. ६ मार्च २०२२ ला उद्घाटन, वनाज ते गरवारे कॉलेज. वनाजला उतरला, स्टेशनाबाहेर पडला नाही, त्याच गाडीने परत आला. "वनाजला काय आहे, दादा?" "टर्मिनल स्टेशन."

गणपतीत पोरांना देखावे बघायचे असतात. दादा मानाचे पाच क्रमाने म्हणून घेतो : कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. क्रम चुकला तर परत. त्या दहा दिवसांत अभ्यास होत नाही, हे आधीच मान्य करून टाकावं, म्हणजे अकराव्या दिवशी वाईट वाटत नाही, हा त्याचा सल्ला. विसर्जनाच्या रात्री मिरवणूक अलका चौकात येऊन पोचते तेव्हा पेठेतली सगळी पोरं रस्त्यावर असतात आणि दादा ढोलाच्या तालावर अंगठ्याने पुस्तकाची पानं उलटत कॉटवर बसलेला असतो. वाचत नसतो. पण मिरवणुकीला गेला नाही, एवढं त्याला सकाळी सांगता येतं.

मुलींच्या बाजूला ताई असते. तिच्याबद्दल मला ऐकीव माहितीच आहे, म्हणून थोडक्यात. ती दादापेक्षा कडक आणि जास्त उपयोगाची, असं सगळ्याच सांगतात. रात्री अभ्यासिकेतून परत येताना कुठली गल्ली टाळायची, कुठल्या हॉस्टेलची वॉर्डन दहाला दार लावते आणि कुठली दहा वाजून पाच मिनिटांनी उघडते, हे तिलाच ठाऊक. ती पानिपताच्या गोष्टी सांगत बसत नाही. आणि तिच्यामागे घरून लग्नाचा घोषा असल्यामुळे तिला दादाइतकी वर्षं मिळत नाहीत. तिला दोन अटेम्प्टमध्ये ताई व्हावं लागतं.

अभ्यासिकेत दादाची जागा कोपऱ्यातली, चार्जिंग पॉइंटजवळची. खुर्चीवर उशी, टेबलावर बाटली, भिंतीला डकवलेलं वेळापत्रक. ते वेळापत्रक पहाटे साडेचारला सुरू होतं आणि फार सुंदर अक्षरात आहे. दादा नऊला येतो. पण नऊ ते अकरा त्याला नव्यांच्या अडचणी सोडवायच्या असतात, अकराला चहा, बाराला जाहिरात कधी येणार याची चर्चा. जाहिरातीची आतली बातमी दादाकडे सतत असते. पुढच्या आठवड्यात येतेय. हा पुढचा आठवडा पेठेत वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे.

त्याच्याकडे एक वहीही असते. त्यात कोण कुठल्या तारखेला आला, कुठली कॉट, डिपॉझिट किती, मेस कुठली, वडिलांचा नंबर. महापालिकेत जन्माची नोंद होते, मृत्यूची होते. गावाहून आलेल्या पोराची नोंद मात्र याच वहीत. पोरगं तापाने फणफणलं तर वही उघडते. पैसे संपले तर उघडते. निकालाच्या रात्री कुणी फोन उचलत नसेल, तर दादा वही घेऊन स्कूटीवर निघतो आणि नदीकाठापर्यंत जाऊन येतो. याबद्दल तो कधी बोलत नाही, आणि मीही इथे एवढंच लिहितो.

सगळ्यांना असं बसतं करणाऱ्या या माणसाची स्वतःची कॉट मात्र पाहण्यासारखी असते. खिडकीची, मोक्याची, आणि तिच्या भिंतीवर एक खिळाही नाही. ट्रंकेतले कपडे ट्रंकेतच. शाम्पूची पुडी, तेलाची सर्वांत लहान बाटली, टूथपेस्टची प्रवासात नेतात ती ट्यूब. "मोठी घ्या की दादा, स्वस्त पडते." "कशाला? महिन्याभरात निकाल आहे." कॅलेंडर शेजारच्या कॉटचं. आधार कार्डावर पत्ता गावचा, रेशन कार्डात नाव गावचं, मतदानाला रात्रीच्या एसटीने गाव. इतरांना वर्षभराचं मेस कार्ड काढायला लावतो, ते स्वस्त पडतं म्हणून. स्वतःचं महिन्याचं. आपण इथे राहायला आलेलोच नाही, निघण्याच्या तयारीत आहोत, असं तो सगळ्यांना सांगतो, आणि त्या तयारीत त्याचे पेठेतले तीन मालक म्हातारे झाले.

वयाची गणितं त्याला तोंडपाठ. खुल्या प्रवर्गाला अडतीस, मागासवर्गीयांना त्रेचाळीस. हे आकडे नवी पोरं विचारतात तेव्हा तो लगेच सांगतो, स्वतःचं विचारलं की 'अजून आहे' म्हणतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार असं ठरलं, तेव्हा तो रस्त्यावर बसलेल्यांत पहिल्या रांगेत होता. चार पर्यायांतून एक निवडायचं शास्त्र त्याने एवढ्या वर्षांत कमावलेलं. कुठला पर्याय फारच खरा वाटतो म्हणून खोटा, कुठल्यात 'फक्त' शब्द आहे म्हणून बाद, हे तो प्रश्न न वाचता सांगायचा. बदल २०२५ पर्यंत पुढे गेला तेव्हा पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. २०२५ पण येतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हतं.

गावी दादा वेगळा असतो. तिथे तो फारसा बोलत नाही. लग्नाच्या मांडवात कुणीतरी विचारतंच, "काय करायलास सध्या?" आणि पुण्यात पाऊण तासात एखाद्याचं बिऱ्हाड मांडून देणारा हा माणूस वाढप्याच्या बादलीकडे बघत म्हणतो, "तयारी." मग तीन दिवस भरतात, खाडा बसतो, आणि तो परत येतो.

आणि एखाद्या वर्षी दादाची पोस्ट निघते.

असं होतं. सगळ्यांचं होत नाही, पण होतं. सहायक कक्ष अधिकारी, मंत्रालय, मुंबई. त्या दिवशी गांजवे चौकात गुलाल कमी पडतो. फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या जागेवरून मारामारी होते. वहीतली सगळी माणसं फोन करतात, माझाही फोटो लाव. शेवटी तीन ओळी कराव्या लागतात. सत्कारमूर्तीचा मोठा फोटो मात्र कुणाकडेच नसतो. मग फ्लेक्सवाला सेव्ह केलेला तोच तिकिटाएवढा फोटो ताणून मोठा करतो, आणि त्यामुळे इतक्या वर्षांनी वरच्या जागेवर आलेला दादा जरा धूसर दिसतो. त्याच रात्री त्याच्या गादीचा भाव दुप्पट होतो.

मुंबईत राहायची सोय कुणी केली? वहीतल्याच एकाने. दोन वर्षांपूर्वी दादाने त्याला खुन्या मुरलीधराची गोष्ट सांगितली होती. आता तो मंत्रालयात लिपिक आहे आणि डोंबिवलीत राहतो. दादा रुजू झाला त्या दिवशी याला नेमकी रजा. म्हणून सकाळपासून फोनवर सूचना चालू आहेत. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. दारात उभे राहू नका, आत सरका. ठाणं आलं की उतरायची तयारी करू नका, लोक ढकलतील आणि उतरवतील. डाव्या बाजूला यायचं की उजव्या, ते मी सांगतो. दादा प्रत्येक सूचनेला 'माहीत आहे' म्हणतो. संध्याकाळी सहाला फोन पुन्हा वाजतो.

"दादा, कुठं आहात?"

"बोरीबंदरला. १६ एप्रिल १८५३. इथून ठाण्यापर्यंत. ३४ किलोमीटर."

"ते बरोबरच आहे, दादा. पण आत्ता कुठल्या प्लॅटफॉर्मवर उभे आहात?"

"एक नंबर."

"अहो, ती हार्बर. तुम्हाला पनवेलला नेऊन सोडील. आपल्याला डोंबिवली."

दादाच्या एका खांद्याला कुणाची तरी बॅग लागते, दुसऱ्याला कोपर. तो स्वतःभोवती एकदा पूर्ण फिरतो.

"मग कुठला? पर्याय सांग."

"पर्याय नसतात इथं, दादा! इंडिकेटर बघा आणि पळा!"